ऑटिझम असलेला मुलगा वर्गात आहे. शिक्षकांना नेमके काय शिकवावे?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तराआधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर आपल्या लगेच लक्षात येईल. आपण कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका आहात. शाळेचा पट ४७ आहे, शिक्षक तीन, आणि त्यांतल्या एक अतिथी शिक्षिका. तिसरीतला एक मुलगा बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही आणि दिवसातून दोन-तीनदा वर्गातून उठून पळत सुटतो. त्याला ऑटिझम असल्याचे बेळगावच्या डॉक्टरांनी लिहून दिले आहे. शिक्षकांसाठी एका दिवसाची कार्यशाळा ठेवावी, त्यांना एखादा ऑनलाइन कोर्स करायला सांगावे, की मुलाला विशेष शाळेत घालण्याचा सल्ला पालकांना द्यावा, असे आपण विचारले आहे.

मी विशेष शिक्षिका आहे आणि गेली १८ वर्षे बेळगाव, खानापूर, हुक्केरी आणि निपाणी भागांतील मराठी व कन्नड शाळांत जाऊन तिथल्या शिक्षकांबरोबर काम करते. आपल्या शिक्षकांना ऑटिझमची माहिती नाही, एवढीच अडचण असती तर ती मोबाईलवर अर्ध्या तासात सुटली असती. मुलगा दाराकडे धावला त्या क्षणी वर्गातली बाकीची मुले सोडून बाईंनी काय करायचे, हे त्यांना त्यांच्याच वर्गात उभे राहून आजवर कोणी दाखवलेले नाही. माझ्या मते आपली खरी अडचण ही आहे, आणि पुढचे सगळे उत्तर मी तिला धरून लिहिते आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मीही कार्यशाळाच घेत असे. एकदा एका क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत चाळीसेक शिक्षकांसमोर मी सलग चार तास बोलले. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे केलेले वर्णन, लक्षणांची यादी, उपचारपद्धतींची नावे, सगळे पडद्यावर दाखवून झाले. चहा झाला, आभार झाले, आणि मग मागे बसलेले एक वयस्कर गुरुजी उठून म्हणाले, "बाई, सांगितलासा ते सगळं पटलं. पण उद्या ते पोरगं उठून पळालं की मी त्याच्या मागनं जाऊ, का बाकीच्या एकतीस जणांजवळ बसू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी काहीतरी गोलमोल बोलून वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेत गेले, दोन दिवस नुसती मागे बसले, आणि तेव्हा लक्षात आले की त्या वर्गात मलाही काही सुचत नव्हते. तेव्हापासून सभागृहातल्या प्रशिक्षणाला मी अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ देत नाही. त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे आठवड्यातून एकदा वर्गात जाऊन बसायचे, असे माझे वेळापत्रक असते.

पुढचा सल्ला काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी विचारून घेते. मुलाची श्रवणचाचणी झाली आहे का? हाकेला प्रतिसाद न देणे हे ऑटिझमचे लक्षण असू शकते, तसेच ऐकू न येण्याचेही, आणि काही मुलांत दोन्ही एकत्र असतात. त्याला फिट्स येतात का? ऑटिझम असलेल्या मुलांत अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, आणि तसे असेल तर फिट आल्यावर काय करायचे हे पहिल्याच दिवशी सर्वांना ठाऊक असायला हवे. शाळेला कुंपण आहे का? जवळ रस्ता, विहीर किंवा नाला आहे का? कुंपण नसेल आणि जवळ पाणी असेल, तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी एसडीएमसीकडून, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीकडून, फाटकाला कडी बसवून घ्या. ही मुले पुष्कळदा पाण्याकडे ओढली जातात आणि त्यांना धोका कळेलच असे नाही.

एक गोष्ट शब्दाबद्दल. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात आणि तो शब्द रूढ झाला आहे, पण शिक्षकांशी बोलताना मी तो शक्यतो टाळते. स्वमग्न म्हटले की मूल आपल्याच नादात आहे, त्याला आपल्याशी देणेघेणे नाही, असे ऐकणाऱ्याला वाटते आणि बाई प्रयत्न सोडून देतात. प्रत्यक्षात हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा आहे. आवाज, स्पर्श, उजेड त्या मुलाला वेगळ्या तीव्रतेने जाणवतात, बोललेल्या शब्दांचा अर्थ लावायला त्याला वेळ लागतो आणि पुढे काय होणार हे कळले नाही की त्याचा जीव घाबरतो. आईचे दुर्लक्ष, मोबाईल किंवा लस यांमुळे ऑटिझम होत नाही. हे गावात आणि शिक्षकांच्या खोलीत दोन्हीकडे सांगावे लागेल, कारण दोन्हीकडे दोष आईलाच दिला जातो.

प्रशिक्षणाची सुरुवात मी पाहण्यापासून करते. शिक्षकाला एक शंभर पानी वही देते आणि तीन रकाने आखायला सांगते: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. शेजारी वेळ. पाच दिवस फक्त एवढेच, उपाय काही करायचा नाही. "हट्ट केला", "त्रास दिला" असे लिहायचे नाही, जे डोळ्यांनी दिसले तेच लिहायचे. शिक्षकांना हे सर्वांत कंटाळवाणे वाटते, पण त्यांच्या हाती सर्वांत जास्त काही लागते ते यातूनच.

एका शाळेतले उदाहरण सांगते, कारण ते आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचे आहे. दुसरीतला मुलगा रोज पळायचा. बाईंचे म्हणणे होते की अभ्यास नको म्हणून पळतो. पाच दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा अकरापैकी आठ वेळा तो घंटेनंतर एक-दोन मिनिटांत उठलेला होता. शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, त्यावर सळईने टोले, आणि या मुलाची जागा बरोबर त्या खिडकीशी. टोला पडण्याच्या आधीच, शिपायाची पावले ऐकू आली की तो कानांवर हात ठेवी. हे बाईंनी रोज पाहिले होते, पण लिहिल्यावरच त्याचा अर्थ लागला. मग जागा पलीकडच्या भिंतीशी हलवली, सळईच्या टोकाला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि घंटेच्या दोन मिनिटे आधी त्याला घंटेचा फोटो दाखवून "आता घंटा" एवढेच म्हणायचे ठरले. पळणे बरेच कमी झाले. पुढे आम्ही जरा हुशारी केली आणि घंटा त्यालाच वाजवायला दिली. तीन आठवडे छान गेले, चौथ्या आठवड्यात तो घंटेपाशीच ठाण मांडून बसू लागला आणि सळई कोणाला देईना. तो उपाय सोडून द्यावा लागला. एका मुलाला लागू पडलेली युक्ती दुसऱ्याला, किंवा त्याच मुलाला पुढच्या महिन्यात, लागू पडेलच असे नाही. म्हणून शिक्षकाला युक्त्यांची यादी देण्यापेक्षा नोंद ठेवण्याची सवय लावावी, असे माझे मत झाले आहे.

आपल्या तालुक्यात आणखी एका आवाजाचा विचार करावा लागतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पट्ट्यात जूनपासून पावसाची झड लागली की पत्र्याच्या खोलीत शिक्षकाचे बोलणे पहिल्या रांगेलाही ऐकू येत नाही, आणि ज्या मुलाला घंटा सोसत नाही त्याची काय गत होत असेल याचा अंदाज करता येईल. पावसाळ्यात मुलगा बिघडला, असे मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेतून ऐकते. कौलारू खोली असेल तर ते चार महिने त्याचा वर्ग तिकडे भरवा.

आता वर्गातल्या मांडणीबद्दल. पहिली ते तिसरीला आपल्याकडे नली-कली, म्हणजे गटांत बसवून कार्डांवरून शिकवण्याची, पद्धत आहे, आणि ती या मुलांच्या दृष्टीने अर्धी सोयीची, अर्धी गैरसोयीची आहे. गैरसोय अशी की तीन इयत्तांची मुले एकत्र, गटांगटांत फिरणारी, एकाच वेळी वेगवेगळे बोलणारी, आणि डोक्यावर दोऱ्यांना टांगलेली मुलांची चित्रे पंख्याच्या वाऱ्याने सतत हलणारी. सोय अशी की कार्डे, चिन्हे आणि भिंतीवरची शिडी, म्हणजे आपण कुठवर आलो आणि पुढची पायरी कोणती हे डोळ्यांना दिसते, आणि प्रत्येक मूल आपल्या गतीने चढते. चित्रांतून क्रम दाखवणे, जागा ठरवून देणे, काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे दिसेल असे ठेवणे, ही ऑटिझमच्या शिक्षणातली जुनी तत्त्वे आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७० च्या दशकात एरिक शॉप्लर यांनी टीच नावाचा कार्यक्रम उभा केला तो याच पायावर. त्यामुळे आपल्या बाईंना सगळे नव्याने शिकायचे नाही. त्याच्या डोक्यावरची चित्रे तेवढी काढून टाका, त्याला भिंतीकडे तोंड करून नेहमीची एकच जागा द्या आणि शिडीवरच्या चिन्हांसारखीच त्याच्या दिवसाची एक चित्रपट्टी करा.

चित्रपट्टीसाठी इंटरनेटवरची गोंडस परदेशी चित्रे घेऊ नका. आपल्या शाळेचा नळ, आपला व्हरांडा, जेवणाची ताटे, घरी जायची वाट यांचे मोबाईलवर फोटो काढा, झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून लॅमिनेट करून घ्या आणि सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावा. काम झाले की मुलाने स्वतः चिमटा काढून फोटो डब्यात टाकायचा. डब्यात टाकणे महत्त्वाचे आहे, कारण संपले हा शब्द कळण्याआधी संपण्याची कृती कळते. सुरुवातीला दोनच फोटो लावा. मी एका उत्साही शिक्षकाला पहिल्याच दिवशी चौदा फोटोंची माळ लावताना पाहिले आहे, मुलाने ती ओढून तोडली.

न बोलणाऱ्या मुलाला मागणी करायला शिकवणे हे दुसरे काम. यासाठी चित्र देऊन वस्तू घेण्याची पेक्स ही पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी तयार केली. ती पूर्ण वापरायला रीतसर प्रशिक्षण लागते, पण तिचे मूळ सोपे आहे: मुलाने कार्ड उचलून समोरच्याच्या हातात ठेवले की वस्तू लगेच त्याला मिळते. नुसते चित्राकडे बोट दाखवताना समोर कोणी आहे की नाही याची मुलाला गरज नसते, हातात देताना माणूस शोधावा लागतो. पालक नेहमी विचारतात की चित्रांची सवय लागली तर तो बोलायचाच नाही. तसे होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही, आणि माझाही अनुभव तोच आहे.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात या विषयावर सर्वांत जास्त चुकीचे सल्ले दिले जातात. आपल्याकडे मूल घरी मराठी ऐकते, शेजारी कन्नड किंवा उर्दू, शाळेत पुस्तकी मराठी आणि कन्नड हा विषय, टीव्हीवर हिंदी. मूल बोलायला उशीर लावते आहे असे दिसले की कोणीतरी सांगते, एकच भाषा ठेवा. मग सातवीपर्यंत शिकलेली आई घरात अडखळत इंग्रजीत "कम, सिट, ईट" म्हणू लागते आणि मुलाशी तिचे होणारे बोलणे निम्म्यावर येते. दोन भाषांत वाढणारी ऑटिझमची मुले एका भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा त्यामुळे मागे पडतात, असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. आईने आपल्याच भाषेत बोलावे, ही माझी ठाम सूचना असते. फक्त सुरुवातीच्या दहा-बारा कामाच्या शब्दांसाठी घर आणि शाळा यांनी एकच शब्द ठरवावा. घरी "जेवायचं", शाळेत "भोजन" आणि शिपायाच्या तोंडी कन्नड "ऊटा", असे एकाच ताटाला तीन शब्द सुरुवातीला नकोत. त्या कार्डावर घरचा शब्द लिहा, मग तो बोलीतला असला तरी चालेल. पुस्तकी मराठीला पुढे वेळ आहे.

शिक्षकाने वाक्य लहान करणे, हा माझ्या प्रशिक्षणातला सर्वांत लांबलेला भाग असतो. "अरे बाळा, सगळ्यांनी वह्या काढल्या, तू अजून का नाही काढलीस, काढतोस ना?" या वाक्यात मुलाला हवे असलेले शब्द दोनच आहेत. "वही काढ." मग थांबायचे, मनात दहापर्यंत मोजायचे आणि तोवर दुसरे काही बोलायचे नाही. हे दहा आकडे शिक्षकांना जड जातात. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतात, आणि मुलाला अर्थ लावण्याचे काम पहिल्यापासून सुरू करावे लागते. मी मागच्या भिंतीशी उभी राहून बोटे मोजून दाखवते. बाई माझ्याकडे पाहून हसतात, पण थांबतात.

आपला मुलगा आज बोलत नसला तरी पुढे ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणू लागेल, अशी शक्यता आहे. "पाणी पाहिजे काय?" असे विचारल्यावर मूल "पाणी पाहिजे काय?" असेच म्हणते आणि शिक्षकांना ती चेष्टा वाटते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ "होय, पाहिजे" असा असतो. अशा वेळी त्याने म्हणायचे वाक्य आपण त्याच्या बाजूने म्हणावे, "पाणी दे", आणि लगेच पाणी द्यावे. एका मुलीला भूक लागली की ती टीव्हीवरच्या एका हिंदी जाहिरातीतले वाक्य म्हणायची. हे तिच्या आजीला ठाऊक होते, शाळेत कोणाला नव्हते, आणि ती मुलगी दोन महिने रोज साडेअकराला ते वाक्य म्हणून रडत होती.

इथवर जे लिहिले त्याचा क्रम असा: आधी धोका टाळा, मग पाच दिवस नोंदी, मग जागा आणि चित्रपट्टी, मग मागणीची कार्डे आणि लहान वाक्ये. दर पंधरा दिवसांना एकच नवी गोष्ट. मी वर्गात जाते तेव्हा पहिल्या खेपेस मी करते आणि बाई पाहतात, दुसऱ्या खेपेस दोघी मिळून करतो, तिसऱ्या खेपेस बाई करतात आणि मी गप्प बसते. गप्प बसणे मला आजही कठीण जाते. चौथ्या खेपेस त्या बाईंनी शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाला शिकवायचे. सरावासाठी मोबाईलवर चित्रण करत असाल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि ते चित्रण शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही टाकू नका.

अर्ध्या दिवसाच्या पहिल्या बैठकीला केवळ शिक्षकांना बोलवू नका. अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेच्या, स्वयंपाकीण बाईंना आवर्जून बसवा. या मुलांचे खाणे अनेकदा विलक्षण मर्यादित असते: कोरडा भात चालतो, सांबार वेगळे चालते, पण भातावर सांबार पडले की ताट फेकले जाते. ज्या बाईंना हे माहीत नाही त्या प्रेमाने सांबार ओततातच. ज्यांना माहीत आहे त्या दोन वाट्या करतात आणि दुपारचा गोंधळ टळतो. शिक्षकाला महिन्याने जमणारी गोष्ट या बायकांना पहिल्या आठवड्यात जमते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

वर्गातल्या मुलांनाही काही सांगावे लागेल. आपल्याकडे "खुळं हाय ते" हे वाक्य सहज तोंडी येते, आणि ते मुले मोठ्यांकडूनच उचलतात. माझे सांगणे साधे असते: याला आवाज जास्त मोठा ऐकू येतो, बोलणे हळू कळते, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचे. मुलांना तेवढे पुरते. फक्त एक चूक टाळा. बहुतेक शाळांत एखादी समजूतदार मुलगी हेरून त्या मुलाला तिच्या स्वाधीन केले जाते, आणि वर्षभर ती त्याची आई होऊन बसते. तिचा अभ्यास बुडतो आणि मुलालाही तिच्याशिवाय कोणी चालत नाही. दोन-दोन मुलांच्या जोड्या करून आठवड्याला पाळी बदला.

कधीतरी मुलगा पूर्ण सुटेल, जमिनीवर लोळेल, डोके आपटेल, चावेल. हट्ट करणारे मूल मधूनच आपल्याकडे कोण पाहते आहे हे पाहते आणि वस्तू मिळाली की थांबते. ज्याचा मेंदू आवाजाने किंवा गोंधळाने ओथंबला आहे ते मूल कोणाकडे पाहत नाही, आणि हवी ती वस्तू दिली तरी थांबत नाही. अशा वेळी समजावणे, धमकावणे, कवटाळणे, सगळेच भर घालते. बाकीच्या मुलांना बाहेर न्या, बोलणे बंद करा, डोक्याखाली दप्तर सरकवा, अंतर ठेवून जवळ बसा. शांत कोपरा असावा, पण खोलीत कोंडून कडी लावणे हा उपाय नव्हे. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, आणि कोंडलेले मूल पुढच्या वेळी त्या खोलीच्या दारापासूनच ओरडू लागते. गुरुजींच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही इथेच देते: मागे कोणी जायचे हे आधी ठरलेले असावे. शेजारच्या वर्गाचे दार उघडे, ठरलेली एक खूण, आणि ती मिळाली की शेजारचे शिक्षक दोन्ही वर्गांवर लक्ष ठेवतात. तीन शिक्षकांच्या शाळेत हे अवघड आहे, पण होते.

आता मदत कुठून मिळेल ते. प्रत्येक तालुक्याच्या बीआरसीकडे, म्हणजे शिक्षण खात्याच्या साधन केंद्राकडे, समावेशक शिक्षणासाठी नेमलेले विशेष शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात. एकाकडे पुष्कळ शाळा असल्याने ते वारंवार येऊ शकत नाहीत, म्हणून बोलावताना "एकदा भेट द्या" असे न म्हणता "सहा आठवड्यांतून तीन वेळा वर्गात बसा" असे स्पष्ट मागा. खानापूर बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येते, तेव्हा प्रशिक्षणाची मागणी बीईओंमार्फत (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत) बेळगावच्या डाएटकडे, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेकडे, जाईल. निपाणी-चिकोडीकडच्या शाळांसाठी चिकोडीचा शैक्षणिक जिल्हा आणि तिथले डाएट. अर्ज कन्नडमध्ये करा आणि मराठी प्रत सोबत जोडा. भाषेचा वाद आपल्या भागात सत्तर वर्षे चालू आहे, या मुलाचा अर्ज त्याच्या पायी टेबलावर पडून राहू नये एवढेच माझे म्हणणे आहे. प्रशिक्षणाचे साहित्य बहुतेक कन्नडमध्ये येते. मराठी शिक्षकांना ते वाचता आले तरी पालकांना देता येत नाही, त्यामुळे दोन-तीन पानांचा मराठी सारांश आपणच करून ठेवणे बरे.

ऑनलाइन कोर्स वाईट नाहीत. दीक्षा या सरकारी पोर्टलवर शिक्षकांसाठीच्या निष्ठा प्रशिक्षणात समावेशक शिक्षणाचा भाग आहे, तो शिक्षकांनी जरूर पाहावा, पण वर्गातल्या नोंदी सुरू झाल्यानंतर, म्हणजे ऐकताना डोळ्यांसमोर आपले मूल असते. एनसीईआरटीने २०२२ मध्ये काढलेले प्रशस्त हे ॲप शाळेतच प्राथमिक चाळणी करण्यासाठी आहे. त्यावरून निदान करायचे नसते. निदान डॉक्टरांचे, आणि प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ४० बाबींची इसा ही भारतीय मोजपट्टीही प्रशिक्षित तज्ज्ञांनीच वापरायची. आपल्या मुलाकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, नसेल तर पालकांना ते काढायला मदत करा, पुढच्या बहुतेक सवलती त्यावर अवलंबून असतात.

विशेष शाळेच्या प्रश्नावर मी सरसकट उत्तर देणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड त्याची आणि पालकांची आहे, शाळेने पाठवून देण्याची नाही. खानापूरच्या खेड्यातून रोज बेळगावला जाणे म्हणजे तीन तास बसमध्ये, आणि आवाजाला घाबरणाऱ्या मुलासाठी ते तीन तास काय असतात हे पालकांशी मोकळेपणाने बोला. मूल स्वतःला वारंवार इजा करत असेल किंवा सहा महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही वर्गात अर्धा तास टिकत नसेल, तर विशेष शाळा, किंवा काही दिवस शाळा आणि काही दिवस घरी शिक्षण, असा मार्ग काढता येतो. आपण अजून तो प्रयत्न सुरू केलेला नाही, म्हणून आज मी विशेष शाळा सुचवणार नाही. आणि सहा महिन्यांत पूर्ण बरा करून देतो असे सांगणारे कोणी पालकांना भेटले, तर त्यांना पैसे देण्याआधी आपल्याशी बोलायला सांगा. नवसाला मी कधी विरोध करत नाही. सौंदत्तीला किंवा चिंचलीला जायचेच असेल तर जत्रेची गर्दी टाळून आडवारी जा, एवढे सांगते.

शेवटची गोष्ट बदल्यांची. आपल्या अतिथी शिक्षिका पुढच्या जूनला असतील की नाही सांगता येत नाही, कायम शिक्षकही बदलून जातात, आणि वर्षभर शिकलेले सगळे त्यांच्याबरोबर निघून जाते. म्हणून या मुलाचे एक पान तयार ठेवा: काय आवडते, कशाची भीती, कोणता शब्द कशासाठी, जेवण कसे, पळाला तर कुठे सापडतो, आईचा फोन. हे पान वरच्या तीन रकान्यांच्या वहीतून आपोआप तयार होते आणि ते हजेरीपत्रकात ठेवायचे, कपाटात नाही.

पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की त्यातले पळण्याचे प्रसंग वेळेसह मला लिहून पाठवा, मुलाचे आणि गावाचे नाव गाळून. आपली घंटा कशाची आहे तेही लिहा.